रीफ टँकसाठी रॉक: निवडीपासून पहिल्या माशापर्यंतचा क्रम

रीफ टँक, म्हणजे प्रवाळ आणि मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचा ठरला की ठाणे-नवी मुंबईतली बरीच मंडळी आधी काच घेतात, मग लाइट, मग मासे पसंत करून ठेवतात. रॉक, म्हणजे आत रचायचा सच्छिद्र दगड, सगळ्यात शेवटी, दुकानात जो असेल तो किलोवर येतो. दोन-तीन महिन्यांत रॉकवर हिरवं शेवाळ चढतं, नायट्रेट खाली येत नाही, कपारीत एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफुलं) उगवतात, आणि मग महागडे फिल्टर घेणं सुरू होतं. रीफ टँकचा मुख्य फिल्टर रॉकच असतो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू त्याच्या पृष्ठभागावर आणि छिद्रांत राहतात. आत खोलवर, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे वेगळे जीवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. हे सगळं ज्याच्यावर उभं आहे ती वस्तू घाईत घेऊ नका.

माझं मत आधीच सांगतो: आपल्याकडे ‘ओरिजिनल लाइव्ह रॉक’, म्हणजे समुद्रातून जीवांसकट काढलेला रॉक, शोधत हिंडू नका. कृत्रिम ड्राय रॉक, म्हणजे कोरडा, निर्जीव रॉक घ्या, तो नीट तयार करा आणि घरातच जिवंत करा. वेळ जास्त लागतो, पण कीड, कायदा आणि कुजणं या तिन्ही कटकटी बऱ्याच अंशी टळतात. खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका. बहुतेक चुका क्रम उलटल्यामुळेच होतात.

१. पैसे देण्याआधी कायदा

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून आहेत. अनुसूची १ म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. भारतीय समुद्रातून हे काढणं आणि विकणं गुन्हा आहे, आणि मेलेला सांगाडा म्हणून सूट मिळत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारात दगडी प्रवाळ सायटिसच्या (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये येतात आणि लाइव्ह रॉकची गणना त्यांच्यातच होते, त्यामुळे परदेशी मालालाही परवाने लागतात.

म्हणून ‘मालवणचा आहे’, ‘अंदमानहून आलाय’, ‘तुतिकोरिनचा माल’ असं कोणी कौतुकाने सांगितलं तर तिथून निघा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे. तिथल्या रीफचा तुकडा आपल्या दिवाणखान्यात आणण्याचं समर्थन करता येत नाही.

दुसरी चूक फुकटच्या दगडांची. अलिबाग, उरण, किहीमच्या किनाऱ्यावरचे काळे दगड बेसॉल्टचे असतात: जड, घट्ट, जीवाणूंना राहायला जागा कमी. रत्नागिरीकडचा जांभा छिद्रांचा दिसतो खरा, पण त्यात लोह भरपूर असतं. दोन्ही टँकसाठी बाद. ठाणे खाडीतलं तर काहीच आणू नका. एक तर तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि दुसरं म्हणजे शहराचं सांडपाणी झेललेला तो चिखल आहे.

तपासा: बिलावर ‘कृत्रिम’, ‘सिरॅमिक’ किंवा ‘मॅन-मेड’ असा स्पष्ट उल्लेख हवा. बिल न देणाऱ्याकडून रॉक घेऊ नका.

२. किती घ्यायचा, आणि वजन कुठे बसणार

जुना हिशोब एका गॅलनला एक ते दोन पाउंडांचा, म्हणजे लिटरला साधारण १२० ते २४० ग्रॅम. तो जड रॉकच्या काळातला. हलका, सच्छिद्र रॉक असेल तर लिटरला ८० ते १०० ग्रॅम पुरतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक सुमारे १९० लिटरचा होतो. त्याला १५ ते १९ किलो बस्स. किलोपेक्षा जागेकडे बघा. रॉकने टँकचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग भरला तर पाणी फिरायला वाट राहत नाही आणि मागे गाळ साठतो.

असा टँक पाणी, काच, रॉक, वाळू आणि स्टँड मिळून ३०० किलोच्या आसपास जातो. निवासी स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वापर-भार धरून आखलेला असतो आणि या टँकचा तळ अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही लहान आहे. खोलीच्या मध्यावर किंवा बाल्कनीत ठेवू नका. भिंतीलगत, तुळईजवळ ठेवा. नौपाड्यातली जुनी इमारत असो की सिडकोची जुनी वसाहत, खालच्या मजल्याच्या छताला गळती किंवा उघडी सळई असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

३. दुकानात हातात घेऊन

फोटो बघून रॉक मागवू नका. क्रॉफर्ड मार्केटला जा किंवा जवळच्या सागरी दुकानात, पण प्रत्यक्ष जा. सोबत छोट्या बाटलीत पांढरं व्हिनेगर, एक चुंबक, ओला पांढरा रुमाल आणि पाण्याचा ड्रॉपर घ्या. दुकानदाराला विचारून एका तुकड्यावर पाच मिनिटांत सगळं बघून होतं.

आधी वजन. आकाराच्या मानाने तुकडा हलका लागला पाहिजे. मुठीएवढा दगड हाताला जड वाटला तर तो आतून घट्ट आहे.

मग थेंब. कोरड्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच आत शोषला गेला तर छिद्रं उघडी आहेत. वर मण्यासारखा बसून राहिला तर रंग, लॅकर किंवा तेलकट थर आहे.

मग व्हिनेगर. कॅल्शियम कार्बोनेटचा रॉक असेल तर बारीक फेस येतो. सिरॅमिकवर येणार नाही, आणि तेवढ्याने तो वाईट ठरत नाही. तो जीवाणूंसाठी चांगला असतो. पण दुकानदार ‘अ‍ॅरागोनाइट’ (कॅल्शियम कार्बोनेटचंच एक रूप) म्हणून विकत असेल आणि फेस येत नसेल तर तो चुकीचं सांगतो आहे.

चुंबक सगळ्या बाजूंनी फिरवा. कुठेही ओढला गेला किंवा तांबूस डाग दिसला तर तो तुकडा परत ठेवा. आत तार किंवा खिळा असू शकतो, आणि खाऱ्या पाण्यात धातू विरघळून अपृष्ठवंशी जीव मरतात.

शेवटी रुमाल. आजकाल बराच रॉक जांभळा रंगवलेला मिळतो, रॉकवर चढणाऱ्या जांभळ्या-गुलाबी, कडक कोरलाइन शेवाळासारखा दिसावा म्हणून. रंग असण्याला हरकत नाही. ओल्या रुमालाला लागला तर हरकत आहे.

आकार निवडताना सगळे गोल बटाटे उचलू नका. दोन मोठे चपटे पायाला, दोन-तीन फांद्यांसारखे किंवा कमानदार, बाकी लहान. गोल दगडांची रचना ढिगाऱ्यासारखी होते आणि ढिगाऱ्याच्या पोटात पाणी पोचत नाही.

इशारा: कोणाच्या बंद केलेल्या टँकचा जुना रॉक स्वस्तात मिळत असेल तर एक प्रश्न विचाराच: या टँकमध्ये माशांच्या औषधासाठी कधी तांब्याचं द्रावण टाकलं होतं का? रॉक तांबं धरून ठेवतो आणि पुढे हळूहळू सोडतो. उत्तर ‘हो’ किंवा ‘आठवत नाही’ आलं तर तो रॉक रीफसाठी फुकटही नको.

४. रॉकला पाणी लावण्याआधी पाणी बघा

ही पायरी हमखास गाळली जाते. स्वयंपाकघरातला आरओ या कामाचा नाही. त्यातले बहुतेक टीडीएस कंट्रोलरने थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, काही खनिजं घालतात, आणि ‘कॉपर’ म्हणून विकले जाणारे तर मुद्दाम तांबं सोडतात. पिण्याच्या पाण्याला ते ठीक असेल, कोळंबी आणि प्रवाळांना मारक आहे.

डीआय राळेचा (पाण्यातले उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या राळेचा) टप्पा असलेलं वेगळं आरओ-डीआय युनिट घ्या. टीडीएस मीटरवर शून्य यायला हवं. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर राळ लवकर संपते, म्हणून दर वेळी पाणी भरताना मोजा. मीठही सागरी टँकचंच, लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम. क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं साधन) ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. नुसत्या आरओ पाण्याने शून्य जुळवलं तरी वरच्या टोकाला चूक राहू शकते.

५. धुणे आणि मुरवणे

नवा, स्वच्छ ड्राय रॉक असेल तर काम सोपं आहे. नळाखाली ब्रशने घासा, भुकटी निघून जाऊ द्या, शेवटचं पाणी आरओचं. मग झाकणाच्या मोठ्या ड्रममध्ये खारं पाणी, एक पावरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप), एक एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आणि त्यात रॉक. लाइट नको.

आठवडाभराने दोन गोष्टी मोजा. फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांत भाग) वर असेल तर रॉक फॉस्फेट सोडतो आहे. पाणी बदला, पुन्हा आठवडा थांबा. हे दोन-तीन वेळा करावं लागू शकतं आणि करायलाच हवं, कारण हेच फॉस्फेट टँकमध्ये सुटलं की वर्षभर शेवाळ खरवडत बसावं लागतं. दुसरी गोष्ट पीएच. सिमेंट वापरून केलेला रॉक चुना सोडतो. पाण्याचा पीएच ८.६ च्या वर चढत असेल तर तो अजून कच्चा आहे. घरी बनवलेल्या सिमेंट रॉकला मुरायला एक ते दोन महिने सहज जातात. ही चाचणी खाऱ्या पाण्यात, हवा चालू ठेवूनच करा. नुसत्या आरओ पाण्यात साधा चुनखडकही पीएच वर नेतो आणि तुम्ही चांगला रॉक टाकून द्याल.

जुन्या टँकचा वाळलेला रॉक असेल तर त्यात मेलेले सेंद्रिय पदार्थ अडकलेले असतात. त्याला ब्लीच लागतं: वास नसलेलं द्रव ब्लीच, एक भागाला दहा भाग पाणी, एक-दोन दिवस, पावरहेड चालू ठेवून. ब्लीचिंग पावडर नको, तिचा चुना छिद्रांत बसतो. नंतर तीन-चार वेळा धुवा, सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात भिजवा, आणि क्लोरीनचा वास पूर्ण गेल्यावर उन्हात वाळवा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर तीन-चार दिवसांत रॉक खडखडीत होतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या हवेत तो आतून ओलाच राहतो, म्हणून हे काम पावसाळ्याआधी उरका.

इशारा: ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. संडास-बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड त्याच मोरीत ओतलेलं असेल तरी विषारी क्लोरीन वायू निघतो. लहान फ्लॅटमध्ये, बंद बाथरूममध्ये हा धोका खरा आहे. परदेशी व्हिडिओंत दाखवतात तो अ‍ॅसिड बाथ मी फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना करू देणार नाही. त्यावाचून काम होतं.

इशारा: रॉक उकळू नका, ओव्हन-मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. झोअँथिड आणि पॅलिथोआ जातीच्या, रॉकवर वाढणाऱ्या प्रवाळासारख्या जिवांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकतं. असा रॉक उकळल्यावर वाफेतून ते श्वासात जाऊन माणसं, घरातली पाळीव जनावरंसुद्धा, गंभीर आजारी पडली आहेत. जुना रॉक हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा.

६. रचना कोरडीच करा

पुठ्ठ्यावर टँकच्या तळाच्या मापाचा चौकोन काढा. पुढे आणि बाजूंना काच पुसायचा चुंबक फिरेल एवढी, म्हणजे पाच-सात सेंटीमीटर जागा सोडा. मागेही सोडा. भिंतीला टेकवलेली रॉकची भिंत हा जुना प्रकार. तिच्या मागे काय कुजतंय ते कळतच नाही. वरती किमान पंधरा सेंटीमीटर मोकळे ठेवा, प्रवाळ वाढणार आहेत.

जोडायला जेल स्वरूपातला सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद आणि टँकसाठीची इपॉक्सी, दोन्ही मिळून. नुसता पातळ गोंद छिद्रांत झिरपून जातो. नळाची गळती थांबवायची पुट्टी वापरू नका. सांधे चोवीस तास वाळू द्या, मग हलवून बघा. एका हाताने ढकलल्यावर डुगडुगली तर रचना पुन्हा करा. गोबी मासे आणि पिस्टल कोळंबी पायाखालची वाळू उपसतात, आणि घसरलेला दोन किलोचा तुकडा काच फोडतो.

म्हणूनच रॉक आधी, वाळू नंतर. पाया थेट तळाच्या काचेवर, हवं तर पातळ प्लॅस्टिकची जाळी खाली घालून. मग वाळू, मग पाणी, मग पंप. तापमान २५ ते २७ अंश. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने हीटरपेक्षा चिलर किंवा पंख्याची गरज जास्त पडते.

७. सीड रॉक

आता टँकमध्ये रॉक आहे, पण तो निर्जीव आहे. दुधाला विरजण लागतं तसा त्याला जिवंत रॉकचा एक लहान तुकडा हवा. बाटलीतले जीवाणू सायकल, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करण्याचं चक्र, सुरू करून देतात. बारीक किडे, कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव), कोरलाइन शेवाळ हे सगळं मात्र तुकड्यातूनच येतं. अर्धा ते एक किलो पुरे.

हा तुकडा ओळखीच्या, वर्ष-दोन वर्षं नीट चाललेल्या टँकमधून घ्या, आणि तोही कृत्रिम रॉकचाच, ज्यावर प्रवाळ नाहीत असा. शक्य असेल तर रात्री जा. लाइट बंद झाल्यावर तासाभराने लाल टॉर्चने बघा. तपकिरी, पारदर्शक, फुलासारखे एप्टेशिया. हिरवे चमकदार बुडबुडे, म्हणजे व्हॅलोनिया. पिसासारखं दिसणारं ब्रायॉप्सिस. जाळं सोडणाऱ्या नळ्यांचे व्हर्मेटिड गोगलगाय: यातलं एकही दिसलं तर तो तुकडा नको. ब्रिसल वर्म दिसला तर घाबरू नका, तो बहुधा सफाईच करतो. हात मात्र लावू नका, त्याचे केस त्वचेत रुततात. आणि नाकाला लावून बघा: समुद्राचा वास ठीक, सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत कुजलेलं आहे.

तुकडा त्याच टँकच्या पाण्यात बुडवून, झाकणाच्या बादलीत आणा. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरने यायचं तर सकाळी लवकर या; दुपारच्या उन्हात पिशवीत गुंडाळून आणलेला तुकडा घरी पोचेस्तोवर अर्धा मेलेला असतो.

घरी आल्यावर १.०३५ ते १.०४० घनतेच्या खाऱ्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा. मँटिस कोळंबी, खेकडे बाहेर पळतात. मग दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत, हवा आणि प्रवाह देऊन, निरीक्षण, आणि नंतरच तो टँकमध्ये. वीज गेली तर बंद बादलीतला ऑक्सिजन लवकर संपतो. बॅटरीवरचा एअर पंप आधीच घेऊन ठेवा.

८. अमोनिया आणि वाट बघणे

कोळंबीचा तुकडा टाकून कुजवण्याची पद्धत सोडून द्या. त्यातून फॉस्फेट येतं आणि मात्राही कळत नाही. प्रयोगशाळेच्या प्रतीचं अमोनियम क्लोराइड आणा. हाच आपला नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा किंवा किराणा दुकानातला किती शुद्ध ते ठाऊक नसतं, म्हणून तो नको. दहा ग्रॅम एक लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवा. दर १०० लिटर प्रत्यक्ष पाण्याला या द्रावणाचे ६० मिली टाकले की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. रॉकने व्यापलेली जागा वजा करायला विसरू नका.

लाइट बंद. दोन-तीन दिवसांनी एकदा मोजा. अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. उतरला की पुन्हा २ पीपीएम. याला साधारणपणे तीन ते सहा आठवडे लागतात.

तपासा: २ पीपीएम अमोनिया दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि हे सलग दोनदा घडलं, तर सायकल पूर्ण. पाणी स्वच्छ दिसतंय हा निकष धरू नका. मग मोठा पाणीबदल करून नायट्रेट खाली आणा.

९. पहिले रहिवासी

आता लाइट, तोही दिवसाला चार-पाच तासच. सुरुवातीला रॉकवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) येतील, मग हिरवं. हे होणारच. घाबरून रसायनं ओतू नका आणि नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावरही नेऊ नका. दोन्ही शून्य झाले की डायनोफ्लॅजेलेट हे चिकट सूक्ष्मजीव माजतात आणि ते जायला फार त्रास देतात. ट्रोकस गोगलगाय आणि दोन-चार हर्मिट खेकडे याच वेळी सोडा.

मासे अजून थांबवा. सीड रॉकवर किंवा गोगलगायींच्या शंखावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाच्या परजीवीची पुटी चिकटून आलेली असू शकते. मासा मिळाला नाही तर परजीवी मरतो, पण त्याला अडीच महिने लागतात. ही मोजणी शेवटचा सीड रॉक, गोगलगाय किंवा खेकडा टँकमध्ये गेल्या दिवसापासून करा. मधल्या काळात रॉकवरच्या जीवाणूंना रोज चिमूटभर कोरडं खाद्य द्या, नाहीतर वाढवलेली वस्ती उपाशी मरेल.

कोरलाइन लवकर चढावं असं वाटत असेल तर कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, क्षारीयता (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच आणि मॅग्नेशियम १२८० ते १३५० पीपीएममध्ये स्थिर ठेवा. पहिले जांभळे-गुलाबी ठिपके बहुधा मागच्या काचेवर किंवा पंपाच्या प्लॅस्टिकवर दिसतात, रॉकवर नंतर. ते दिसले, अडीच महिने पूर्ण झाले, आणि त्या आठवड्यात अमोनिया-नायट्राइट शून्य आले, तर पहिला मासा आणा. एकच, लहान, आणि वेगळ्या टँकमध्ये चार आठवडे क्वारंटाइन केलेला.